रद्द झालेल्या सरकारी प्रकल्पाच्या निविदांचा खर्च करदात्यांवर पडतो का? पडत असेल तर किती?

पडतो. "निविदा भरायचा खर्च ठेकेदाराचा, प्रकल्प रद्द झाला तर सरकारचं काय गेलं?" हे वाक्य टेंडर विभागात काम करताना मी अधिकाऱ्यांकडून, वकिलांकडून आणि आमच्याच हिशेबनिसांकडून ऐकत आलो आहे. ते साफ चूक आहे.

ठेकेदार हा खर्च पदरचा घालत नाही, ओव्हरहेडमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्वसाधारण खर्चात टाकतो. समजा, एक निविदा भरायला कामाच्या किमतीच्या ०.५ टक्का खर्च येतो आणि ६ भरल्या की १ काम मिळतं. म्हणजे त्या एका कामातून ३ टक्के वसूल करायचे. याच काळात आणखी २ निविदा भरल्या आणि त्या रद्द झाल्या, की झाले ४ टक्के. हा वाढीव टक्का पुढच्या पुलाच्या, पुढच्या रुग्णालयाच्या दरात मिसळून येतो. दरपत्रकात त्याची वेगळी ओळ नसते, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता "निविदेला एवढा खर्च कशाला?" याचं उत्तर. बोगद्याची डिझाइन-बिल्ड निविदा घ्या, म्हणजे डिझाइनही ठेकेदारानेच करायचं आणि बांधायचंही त्यानेच. मालकाने, म्हणजे काम देणाऱ्या खात्याने दिलेल्या भूगर्भ अहवालावर विसंबून दर टाकता येत नाही. जाऊन कोअरच्या, म्हणजे ड्रिल करून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांच्या पेट्या उघडाव्या लागतात. १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करायची, ती ड्रिल केलेल्या लांबीने भागायची, की आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याचा टक्का निघतो. अहवालात ७० टक्के लिहिलंय आणि पेटीत ४० भरतंय असं दिसलं, की बोगद्याला द्यायच्या सपोर्टचा वर्ग बदलतो, शॉटक्रीटची (फवारलेल्या काँक्रीटची) जाडी वाढते, रॉकबोल्ट (खडकात रोवायचे पोलादी दांडे) जवळ-जवळ येतात, दिवसाची प्रगती घटते आणि सगळं रेट अ‍ॅनालिसिस (दराचा हिशेब) पहिल्यापासून. ५ बोलीदार असतील तर त्याच पेट्या ५ वेळा उघडल्या जातात, तेच डिझाइन ५ ठिकाणी होतं. प्रकल्प रद्द झाला की ते पाचही संच कपाटात जातात.

त्यात बँक गॅरंटी. बोलीची वैधता १२० दिवस मागितली, तर अनामतीची गॅरंटी बहुधा त्याहून काही आठवडे पुढची लागते. मग "वैधता वाढवून द्या" अशी पत्रं सुरू होतात. प्रत्येक वाढीला बँकेचं कमिशन, वर मार्जिन मनी (गॅरंटीसाठी बँकेकडे ठेवलेली रक्कम) अडकलेली. बँकेची मर्यादा अशी गुंतली की चांगली कंपनी दुसऱ्या कामाची बोलीच लावू शकत नाही. तिकडे स्पर्धा कमी होते आणि दर चढतो. पुरवठादाराचं कोटेशन मात्र ३० दिवसांत शिळं.

सरकारचा स्वतःचा खर्च वेगळाच: सल्लागार, मोजणी, बोअरिंग, कायदेशीर छाननी, मूल्यमापन. फेरनिविदेला यातलं बोअरिंग कामाला येतं. वाहतूक सर्वेक्षण आणि एस्टिमेट बहुतेक वेळा नव्याने करावे लागतात.

कधी कधी बिल थेटच येतं. ब्रिटनमध्ये वेस्ट कोस्ट रेल्वे फ्रँचायझीची (त्या मार्गावर गाड्या चालवण्याच्या कंत्राटाची) स्पर्धा ऑक्टोबर २०१२ मध्ये रद्द झाली, कारण बोलीदारांकडून किती तारण घ्यायचं या गणितात खात्यानेच महागाई नीट धरली नव्हती. चारही बोलीदारांचा खर्च परत करावा लागला, अंदाजे ४ कोटी पौंड. मेलबर्नचा ईस्ट वेस्ट लिंक हा रस्ता प्रकल्प तर निवडणुकीच्या दोन महिने आधी करार करून बसलेला. २०१५ मध्ये नव्या सरकारने रद्द केला तेव्हा कंपन्यांच्या वाट्याला ३३.९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर गेले, आणि त्यात बोलीचा खर्चही धरलेला होता. लेखापरीक्षकांनी काढलेला एकूण फटका ११० कोटी डॉलरच्या वर.

माझ्या मते यातलं बरंचसं टाळता येतं. जमीन ताब्यात नाही, जलवाहिन्या आणि केबल हलवायला पैसे मंजूर नाहीत, तरी निविदा काढायची, हे बंद करा. आधी पात्रता छाननी करून ३-४ जणांनाच पूर्ण बोलीला बोलवा. मोठ्या डिझाइन-बिल्ड कामात हरलेल्यांना ठरावीक मानधन द्या आणि बदल्यात त्यांचं डिझाइन वापरायचा हक्क घ्या. "हरलेल्याला पैसे कशाला?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर वरच्या ४ टक्क्यांत आहे: तुम्ही ते आजही देताय, फक्त बदल्यात काही मिळत नाही.

एक सांगायचं राहिलं. वरचा ०.५ टक्का समजण्यापुरता आहे. साध्या रस्ता दुरुस्तीच्या कामात, जिथे बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी) तयार मिळतो, तिथे तो खूप कमी असतो. खासगी भागीदारीच्या कामात बराच जास्त. आणि प्रत्येक रद्द निविदा म्हणजे उधळपट्टी असंही नाही. बोलीदारांनी संगनमत केलं असेल किंवा एकच बोली भरमसाट दराने आली असेल, तर रद्द करणंच स्वस्त पडतं. आदेशात रद्द करण्याचं कारण "प्रशासकीय कारणास्तव" एवढंच असेल, तर आधी जमिनीच्या ताब्याची तारीख आणि निविदा काढल्याची तारीख शेजारी ठेवून बघा.