जुन्या विजेच्या मोटारींमधले कोणते भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदासाठी काढून ठेवावेत?

बंद पडलेला मिक्सर, हळू फिरणारा छताचा पंखा, जुना प्रिंटर आणि २०२१ च्या पुरात बुडालेली पाण्याची मोटार एवढे साहित्य तुमच्याकडे आहे आणि त्यातले काय ठेवावे व काय भंगारात द्यावे, असा तुमचा प्रश्न आहे. मीही कोल्हापुरातच राहतो आणि हा उद्योग बरीच वर्षे करतो. माझ्या मते पाना हातात घेण्याआधी प्रत्येक मोटार नेमकी कशामुळे गेली हे शोधावे, कारण आत काय शाबूत आहे ते त्यावरूनच ठरते.

पंखा तर उघडूच नका. पंखा मंद होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्याचा कपॅसिटर उतरणे. त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेले असते; मीटरवर आकडा बराच कमी आला, तर नवा कपॅसिटर टाकून पंखा पूर्ववत होतो आणि चांगली वस्तू मोडल्याचे पाप लागत नाही. तो काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, कपॅसिटरची दोन टोके रेझिस्टरमधून जोडून चार्ज उतरवून घ्यावा. प्रत्येक मोटारीत चुंबक असतो अशी अनेकांची समजूत असते, पण साध्या पंख्यात आणि मिक्सरमध्ये कायमचा चुंबक नसतोच. तो बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या डीसी मोटारीच्या, पंख्यात असतो. तसा बंद पंखा मिळाला आणि त्याचे फक्त सर्किट गेलेले असले, तर त्याच्या तीन वायरींना सहा डायोडचा ब्रिज जोडून हाताने फिरवून पाहा. एलईडी सहज पेटतो आणि लहान पवनचक्कीसाठी आयता जनरेटर हाती येतो.

मिक्सरच्या बाबतीत नाकावर विश्वास ठेवावा. जळक्या वार्निशचा वास येत नसेल, तर कार्बन ब्रश झिजले असतील, कपलर (भांड्याचे पाते फिरवणारी जोडणी) तुटला असेल किंवा तळाचे ओव्हरलोडचे बटण उडाले असेल, आणि या तिन्ही प्रकारांत मोटार धडधाकट असते. या मोटारीत फील्ड (बाहेरची स्थिर कॉईल) आणि आर्मेचर (आत फिरणारी कॉईल) सिरीजमध्ये असल्यामुळे ती डीसीवरही चालते, आणि आर्मेचरच्या दोन वायरी उलटसुलट केल्या की दिशा बदलते. चोवीस व्होल्टच्या सप्लायवर ती संथ फिरते, म्हणून कॉईल गुंडाळण्याचे छोटे यंत्र तिच्यापासून छान होते. मात्र कार्बनपाशी उडणाऱ्या ठिणग्यांमुळे शेजारचा मायक्रोकंट्रोलर (सर्किट चालवणारी प्रोग्रॅम करता येणारी चिप) वारंवार रिसेट होतो, त्यामुळे त्याचा सप्लाय वेगळा ठेवावा. हीच मोटार भार न लावता टेबलावर थेट २३० व्होल्टला कधीही जोडू नये, कारण तिचा वेग आवाक्याबाहेर जातो.

कॉईल जळलेली असेल, तर तिच्या तारेचा मोह सोडावा. तापून इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) गेलेली तार दिसायला चांगली असली, तरी गुंडाळल्यावर वेढे आपापसांत शॉर्ट होतात. शिवाय स्वस्तातल्या मोटारींत पुष्कळदा ॲल्युमिनियमची तार असते. ब्लेडने टोक खरवडल्यावर आत पांढरी दिसली, तर ती साध्या सोल्डरला दाद देत नाही.

सर्वांत जास्त माल निघतो तो प्रिंटरमधून. जुन्या प्रिंटरमध्ये स्टेपर (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या) मोटारी असतात, तर अलीकडच्या बऱ्याच इंकजेटमध्ये दोन वायरींची डीसी मोटार आणि तिच्यासोबत बारीक रेघांची पारदर्शक पट्टी किंवा चकती असते. ही पट्टी फेकू नका. तिच्याजवळच्या सेन्सरसह काढली, तर मोटार किती फिरली हे अचूक मोजता येते. चार वायरींच्या स्टेपरमध्ये कोणत्या दोन वायरी एका कॉईलच्या आहेत हे ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही. कोणत्याही दोन वायरींची टोके एकमेकींना चिकटवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो जड झाला आणि अडखळत फिरू लागला, तर ती जोडी एकाच कॉईलची, आणि पूर्वीइतकाच हलका राहिला, तर वेगवेगळ्या कॉईलची. स्टेपरचा एक टप्पा १.८ अंशांचा असेल, तर एका फेऱ्याला २०० टप्पे होतात. चकचकीत गज, बेल्ट आणि त्यावरची पुली हेही काढून ठेवावे, कारण नवे घ्यायला गेल्यास या वस्तूंचेच पैसे जास्त पडतात. प्रिंटरच्या पॉवर सप्लायमधील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकते, एवढे भान असू द्यावे.

पुरात बुडालेली मोटार बहुधा जळालेली नसते, ती भिजलेली असते, आणि आपल्याकडे २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनंतर हा फरक पुष्कळांना कळला. वाइंडिंगवाले ती भट्टीत सुकवून मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्रावर) तपासतात. हे काम मल्टिमीटरचे नव्हे, कारण तो जेमतेम काही व्होल्ट लावून पाहतो, तर मेगर ५०० व्होल्ट लावतो आणि दुबळे इन्सुलेशन तिथेच उघडे पडते. बेअरिंगमध्ये मात्र गाळ शिरलेला असतो, त्यामुळे ती बदलावीच लागतात. तुमच्या छंदाला ही मोटार फारशी उपयोगाची नाही. दुरुस्त करून पाण्यालाच लावावी. तिच्यासोबत स्टार्ट कपॅसिटर असेल, तर तो क्षणभराच्या कामासाठी बनवलेला असतो, म्हणून सतत चालणाऱ्या सर्किटमध्ये वापरू नये.

राहता राहिला प्रश्न जोडणीचा. काढलेल्या मोटारीचा शाफ्ट आणि तुमची पुली किंवा चाक यांची मापे बहुधा जुळत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवा तसा बुश (दोन मापे जुळवणारी मधली नळी) करून मिळतो, पण तोंडी माप सांगण्यापेक्षा मोटार आणि पुली दोन्ही सोबत न्याव्यात, आणि बुशला ग्रब स्क्रूचे (शाफ्टवर घट्ट बसवणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूचे) भोक तिथेच टॅप करून (आटे पाडून) घ्यावे.