सात शेतकऱ्यांचा कापूस: सरासरी धरायची की मध्यक?

प्रश्न : आमच्या गटातल्या सात जणांचा एकरी कापूस क्विंटलमध्ये असा : ५, ४, ६, १६, ५, ७, ६. सरासरी ७ निघते, पण सहा जणांना त्याहून जास्त झालाच नाही. हिशेब चुकला का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : हिशेब बरोबर आहे. बेरीज ४९, भागिले ७ म्हणजे ७. तो १६ वाला बहुधा ओलिताचा असावा. सरासरी त्यानेच वर ओढली. मध्यक म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला बरोबर मधला. त्यासाठी आकडे आधी चढत्या क्रमाने लावा : ४, ५, ५, ६, ६, ७, १६. चौथा आकडा ६, तोच मध्यक. इथेच बहुतेक जण फसतात. न लावता तुमच्या यादीतला मधला उचलला, तर नेमका १६ हाती येतो! दोनदा आलेले ५ आणि ६ दोनदाच लिहायचे, गाळायचे नाहीत.

१६ वगळून पाहा. सहा आकडे उरले, म्हणून मधल्या दोघांची, ५ आणि ६ ची, सरासरी ५.५ हा मध्यक. साधी सरासरीही ३३ भागिले ६, म्हणजे ५.५. एका वावराने सरासरी दीडने हलली, मध्यक अर्ध्यानेच. घाईत १६ चे १६० लिहिले गेले, तर सरासरी साडेसत्तावीसच्या वर जाते. मध्यक ६ च राहतो.

कोरडवाहू शेतकऱ्याला अंदाज द्यायचा तर मध्यक सांगा. गाडी ठरवायची तर मात्र मध्यक कामाचा नाही : प्रत्येकाचा एकच एकर धरला तरी ६ गुणिले ७ म्हणजे ४२, प्रत्यक्षात कापूस ४९ क्विंटल. आणि एकर कमीजास्त असतील, तर एकूण कापसाला एकूण एकरांनी भागा.