दोरी दुसऱ्याच्या हातात दे

प्रिय लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पावलाच्या मधल्या सांध्यात प्लेट आणि तीन स्क्रू बसवले आहेत, सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, जानेवारीत सर्जाला कुत्र्यांच्या प्रदर्शनात उतरवायचे आहे आणि त्यातच तुझी तांबडी कुत्री माजावर आली आहे. एवढे सगळे लिहून झाल्यावर अगदी शेवटच्या ओळीत तू विचारतेस की काखेत कुबडी आणि हातात दोरी असे जमेल का. तुझा खरा प्रश्न तोच आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. जमणार नाही. दोरी दुसऱ्याच्या हातात दे.

धीर धर, बरी होशील, असे सांगणारी माणसे तुझ्याभोवती पुष्कळ असतील आणि त्यात भर घालण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तुझी आणि माझी जात एकच आहे. कारवानी जातीचा शिकारी कुत्रा सकाळी बांधावर कान टवकारून उभा राहिला की ज्यांना चहाचीही आठवण राहत नाही, त्यांच्यातले आपण. कुत्री कुणाला तरी देऊन टाक, असे मी तुला म्हणणार नाही. मलाही तेव्हा घरचे आणि दारचे सगळे तेच सांगत होते. मी एकही कुत्रे दिले नाही आणि त्याबद्दल मला आजही तिळभर पश्चात्ताप नाही. माझी चूक निराळी होती.

माझाही हाच सांधा गेला होता. नांगरलेल्या रानात कुत्र्यामागे धावताना पावलाचा पुढचा भाग नांगराच्या तासात अडकला आणि मी पुढे कोसळलो. पहिल्या डॉक्टरांनी झोपवून एक्स-रे काढला, मुरगळला आहे म्हणून सांगितले आणि क्रेप बँडेज गुंडाळून घरी पाठवले. पुढे तळव्यावर निळसर काळा डाग उमटला आणि मग दुसऱ्या ठिकाणी खरे निदान झाले. या सांध्याला लिसफ्रँक म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातल्या एका शल्यवैद्याच्या नावावरून ते नाव पडले, आणि घोड्यावरून पडताना पाऊल रिकिबीत अडकलेल्या स्वारांना ही दुखापत होत असे. काफिल्यांच्या घोड्यांबरोबर आलेल्या या कारवानी कुत्र्यांच्या नादात आपण दोघेही घोडेस्वारांचीच दुखापत करून घेतली, हे मला अंथरुणावर पडल्यापडल्या कितीदा तरी जाणवले. ते असो. निदान चुकले हा त्या डॉक्टरांचा दोष होता. पुढचे जे झाले तो सर्वस्वी माझा.

शस्त्रक्रियेनंतर मी पाच आठवडे नीट पाळले. पायाखाली दोन उशा घेऊन, पाऊल छातीच्या वर राहील असा, ओसरीतल्या खाटेवर पडून होतो. माझा पुतण्या तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो रोज पहाटे सायकल काढून माझ्या कुत्र्याला, तुफानला, कॅनॉलच्या रस्त्याने दुडक्या चालीत पळवून आणी आणि आल्यावर माझ्यासमोर उभा करी. मी खाटेवरून ओरडत असे, मान खाली गेली, मागचे पाय ओढून घेतलेस, दोरी ढिली कर. एक दिवस चांगला शब्द त्या पोराला मी दिला नाही. सातव्या आठवड्यात, डॉक्टरांना न विचारता, बूट चढवून मी स्वतः प्रदर्शनाला गेलो आणि त्याच्या हातातून दोरी काढून घेतली.

रिंगणात काय झाले ते तुला नीट सांगतो, कारण तू तेच करायला निघाली आहेस. कुत्रा आपल्या डाव्या अंगाला असतो आणि फेरी घड्याळाच्या उलट्या दिशेने घ्यायची असते, म्हणजे प्रत्येक वळणावर शरीर डावीकडे कलते, आणि माझा पाय डावाच होता. कारवानीची चाल लांब टापेची हवी, पुढचा पाय जमिनीवरून तरंगत जावा तशी. मी लंगडत होतो, आणि तुफानने माझे लंगडणे उचलले. जो कुत्रा पहाटे सायकलपुढे वाऱ्यासारखा जात होता, तो माझ्याकडे वळून वळून पाहत आखूड पावले टाकू लागला. त्याने मला सांभाळून घेतले. परीक्षकांनी दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, पुन्हा एकदा सरळ जाऊन यायला सांगितले आणि मग पुढच्या कुत्र्याकडे वळले. त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांना दिसली ती चाल आखूडच होती, पण ती तुफानची नव्हती, माझी होती. परतीच्या वाटेवर गाडीत पाय सुजून बुटात मावेनासा झाला. एक स्क्रू मोडला होता. पावलाची कमान बसली आणि पुढे तो सांधा कायमचा जखडून टाकावा लागला.

पुतण्याने त्यानंतर दोरी हातात धरली नाही. आता तो शहरात नोकरी करतो, सणाला येतो, कुत्र्यांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि आत निघून जातो. मला पायापेक्षा हे जास्त दुखते.

म्हणून पुन्हा सांगतो, दोरी दुसऱ्याच्या हातात दे. दोन कुबड्यांना दोन हात लागतात. एका कुबडीवर भागवलेस तर भार नको तिथे जाणार, आणि कारवानी हा डोळ्याने शिकार करणारा कुत्रा आहे. बोळातून मांजर पळाले की तो तुझ्या कुबडीची वाट पाहत थांबणार नाही. तो ओढेल, तोल जाईल आणि तोल सावरायला जो पाय आपोआप खाली येईल तो नेमका शस्त्रक्रियेचा असेल. तू ठरवून टेकवलास की नकळत टेकला, हे हाडाला कळत नाही. दोरी चाकाच्या खुर्चीला बांधण्याचा विचारही मनात आणू नकोस.

तांबडीला या माजावर लावू नकोस. घरीच बसून आहे तर एक वेत काढून घेते, असे तू लिहिलेस ते वाचून मी पत्र बाजूला ठेवले, इतका मला राग आला. लावल्यापासून त्रेसष्टाव्या दिवसाच्या आसपास ती विणार, म्हणजे तू नुकती पाऊल टाकायला शिकत असशील तेव्हा. रात्ररात्र जमिनीवर उकिडवे बसून पिल्ले पुसणार कोण? आणि चार आठवड्यांची आठ पिल्ले पायात लुडबुडू लागली की तुला घरात चालायला वाट कुठे राहणार? पुढचा माज येईल; सांधा एकच आहे.

जखम पूर्ण भरेपर्यंत कुत्र्यांना तुझ्या खाटेवर घेऊ नकोस. चाटणे हे त्यांचे प्रेम आहे हे मला कळते, पण त्यांच्या लाळेतले जंतू टाक्यांत गेले तर आत प्लेट आहे, आणि प्लेटला लागलेला संसर्ग सहजी जात नाही. पोटरी दुखून टणक झाली किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा. रक्ताची गुठळी असू शकते. बाकीचे तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि ते जे सांगतील ते कर. पाय टेकवायची तारीख ते ठरवतील, प्रदर्शनाची तारीख नव्हे.

तुझ्या हाताला काम उरणार नाही, असे मात्र समजू नकोस. एकदा टाके वाळले की स्टुलावर बसून, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून, सर्जाला उभे करण्याचा सराव तुला रोज करून घेता येईल. परक्या माणसाने ओठ वर करून दात पाहिले, वृषणांना हात लावला, तरी त्याने हलता कामा नये. ही अर्धी तयारी बसूनच होते आणि घाईत असलेला माणूस नेमकी तीच करत नाही.

तुमच्या खालच्या मजल्यावरचा तो मुलगा, जो सर्जाला पाहायला जिन्यात थांबतो असे तू लिहिलेस, त्याला या रविवारी बोलाव. आधी सर्जाची नखे कापून घे. शो लीड, म्हणजे प्रदर्शनातली दोरी, त्या मुलाच्या डाव्या हातात दे, ती कानांच्या मागे उंच कशी बसवायची ते एकदाच दाखव, आणि त्याला गच्चीवर सरळ जाऊन परत यायला सांग. तो चुकेल, दोरी ताणेल, सर्जा मागे वळून तुझ्याकडे पाहील. तेव्हा तू सर्जाला हाक मारू नकोस. त्या मुलाला सांग की छान झाले, पुन्हा एकदा जाऊन ये.

तुझा काका