मुखड्याला जुळतं, अंतऱ्याला सुटतं

प्रश्न : ताई, आम्ही वर्गमित्रांनी स्वतः रचलेल्या गाण्याचा म्युझिक व्हिडिओ शूट केला. एक कॅमेरा आणि दोन मोबाइल होते. गाणं स्पीकरवर लावलं आणि मैत्रिणीने त्यावर ओठ हलवले. कॅमेऱ्याचे शॉट्स नीट जुळतात. मोबाइलचे मात्र मुखड्याला जुळतात आणि शेवटच्या अंतऱ्यापर्यंत सुटतात. मी क्लिप मध्येमध्ये कापून सरकवतेय, तर चित्र उड्या मारतं. एडिटिंगची टाइमलाइन, म्हणजे क्लिप्स मांडायची पट्टीही सारखी अडकते. पुढच्या आठवड्यात व्हिडिओ द्यायचाय. सगळे म्हणतात, पुन्हा शूट करू. काय करू?

उत्तर : पुन्हा शूट अजिबात करू नका. तुमच्या मैत्रिणीने जीव ओतून दिलेले टेक्स आहेत ते, आणि फुटेजमध्ये दुरुस्त होणार नाही असं काही मला तुझ्या पत्रात दिसत नाही. ‘मुखड्याला जुळतं, शेवटी सुटतं’ हे तू लिहिलंस, तिथेच निम्मं निदान झालं. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असता, तर क्लिप चुकीच्या जागी ठेवली गेली एवढाच त्याचा अर्थ होता. तो वाढत जातोय, म्हणजे चित्राची आणि गाण्याची गती वेगळी आहे. हे कात्रीने सुटणार नाही, म्हणून आधी ते कापणं थांबव.

बरेच मोबाइल फ्रेम्स, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, एकसारख्या अंतराने घेत नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम्स नोंदवल्या जातात. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फोनवर बघताना काही खटकत नाही, कारण प्लेअर प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ पाळतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र अनेकदा फ्रेम्स समान अंतरावर आहेत असं धरून चालतं आणि तिथे घोळ होतो. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघड आणि ‘फ्रेम रेट मोड’समोर काय लिहिलंय ते बघ. ‘व्हेरिएबल’ असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवड, प्रोजेक्टचाच फ्रेम रेट दे आणि नवी फाइल बनव. मूळ फाइल पुसू नकोस. फोनने टिपलेला आवाजही काढू नकोस, जुळवताना तोच कामाला येतो.

‘कॉन्स्टंट’ दिसलं तर क्लिपच्या माहितीतला फ्रेम रेटचा आकडा तपास. २९.९७ ची क्लिप ३० म्हणून वाचली गेली तर फरक हजारात एक एवढाच पडतो. पण चार मिनिटांच्या गाण्यात तो जवळपास पाव सेकंद होतो, म्हणजे सातेक फ्रेम्स. क्लोजअपमध्ये तेवढं कुणाच्याही डोळ्यांत खुपतं.

आता जुळवणी. मूळ गाणं सगळ्यात खालच्या ट्रॅकवर टाकून लॉक कर. प्रत्येक टेक अख्खाच्या अख्खा त्याच्या वर मांड आणि वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून तालाचा एखादा ठळक ठोका जुळव. मग थेट शेवटच्या अंतऱ्यावर जा आणि तिथला ठोका बघ. दोन्हीकडे जुळलं की मगच कापायला घे. शेवटचा निवाडा मात्र डोळ्यांनी करायचा. प, ब, म ही अक्षरं शोध. तिथे ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे एका फ्रेमची चूकही पकडता येते. लांबून घेतलेल्या शॉटकडे विशेष लक्ष दे. स्पीकर गाणाऱ्याजवळ आणि फोन १० मीटरवर असेल, तर फोनपर्यंत आवाज पोचायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. अशा शॉटचा वेव्हफॉर्म अगदी बरोबर जुळवला तरी ओठ जवळजवळ एक फ्रेम आधी हलतात. क्लिप एक फ्रेम उशिरा सरकवली की झालं. हे सगळं तपासताना वायरचा हेडफोन लाव. ब्लूटूथवर आवाज मागे पडू शकतो, आणि मग बरोबर असलेलं तू बिघडवून ठेवशील.

टाइमलाइन अडकते त्यासाठी प्रॉक्सी बनव, म्हणजे त्याच क्लिप्सच्या हलक्या प्रती. मोबाइलच्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम्स पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेम्सपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला संगणकाला अनेक फ्रेम्स उलगडाव्या लागतात. अडकणाऱ्या टाइमलाइनवर ताल कळत नाही, आणि म्युझिक व्हिडिओत कट तालावरच तर द्यायचा असतो! एक्सपोर्टला, म्हणजे शेवटची व्हिडिओ फाइल बनवताना, मूळ फाइल्सच वापरल्या जातायत ना, तेवढं बघून घे.

प्रश्न : आमचा व्हिडिओ पूर्ण झालाय, पण एक्सपोर्ट मध्येच बंद पडतो. लॅपटॉप बदलावा का?

उत्तर : आधी बघा, तो दर वेळी त्याच जागी बंद पडतो का. त्याच जागी पडत असेल तर दोष लॅपटॉपचा नसून बहुधा टाइमलाइनवरच्या त्या तुकड्याचा आहे. तिथला इफेक्ट बंद करून बघा. तरी अडलं तर ती क्लिप नव्या फॉरमॅटमध्ये बदलून पुन्हा लावा. जागा दर वेळी वेगळी असेल तर डिस्क भरत आलीय का आणि लॅपटॉप तापतोय का ते तपासा. तेही ठीक असेल तर गाणं दोन-तीन भागांत उत्तम दर्जाला एक्सपोर्ट करा, ते भाग नव्या टाइमलाइनवर सलग लावा आणि मूळ गाणं अखंड त्याखाली टाका. आवाज तुकड्यांतून जोडू नका, सांध्यावर टिचकी ऐकू येते.