‘पोस्ट टाकून पैसे मिळतात, मग हे काम नाही का?’

कळव्याच्या एक बाई मुलाला घेऊन आमच्या ठाण्याच्या समुपदेशन केंद्रात आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 23 वर्षांचा, बी.कॉम. झालेला. बसता बसताच त्या म्हणाल्या, “मॅडम, दिवसभर मोबाईल हातात. काही बोललं की म्हणतो, आई, काम करतोय.” मुलगा शांतपणे म्हणाला, “करतोयच. पैसे मिळतात.”

तो हाइव्हवर होता. लेख किंवा फोटो टाकायचे, लोकांनी मतं दिली की टोकन (मंचाचं क्रिप्टो चलन) जमा होतं, असा हा ऑनलाइन मंच. त्याने फोटो दाखवले: ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो, येऊरचं जंगल, पहाटेचा मासुंदा तलाव. फोटो खरोखर चांगले होते, आणि तसं आम्ही आईसमोरच सांगितलं. घरात भांडण मोबाईलवरून चाललं होतं. फोटोंकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

आईच्या काळजीचं खरं कारण जरा उशिरा बाहेर आलं. “जास्त टोकन घेतले की माझ्या मताची किंमत वाढेल” असं सांगून त्याने वडिलांकडे 40,000 रुपये मागितले होते.

व्यसन आहे की नाही, याचा निवाडा पहिल्याच भेटीत करणं आम्ही टाळतो. झोप, जेवण, मित्र आणि टाळलेली कामं, एवढं विचारतो. रात्री दोन वाजता उठून तो मतं बघायचा. नोकरीसाठी आलेले दोन फोन त्याने उचललेच नव्हते. मग त्याला चार आठवड्यांसाठी एक साधी वही दिली. रोज वेळ लिहायची, पण तीन रकान्यांत: स्वतः फोटो काढणं आणि लिहिणं, दुसऱ्यांच्या पोस्टवर मतं आणि प्रतिसाद देणं, आणि वॉलेट (टोकन जमा होतात ते ऑनलाइन खातं) व टोकनचा भाव बघणं. पैसे लिहायचे ते फक्त बँकेत आलेले.

वही परत आली तेव्हा एकूण 131 तास भरले होते. स्वतःचं काम 34 तास, वॉलेट आणि भाव 26 तास, आणि उरलेले 71 तास “मी तुला मत दिलं, आता तू दे” या देवाणघेवाणीत. तो आकडा तो बराच वेळ बघत राहिला. “मीही याला फोटोग्राफीच समजत होतो,” म्हणाला.

आता पैसे. महिनाभरात त्याच्या पोस्टखाली मिळून 38 डॉलर दिसले होते. पण पोस्टखाली दिसणाऱ्या रकमेतला निम्मा वाटा मतं देणाऱ्यांचा असतो. उरले 19. त्यातले साधारण निम्मे लगेच काढता येतात. बाकीचे मंचावर मतशक्ती (आपल्या मताचं वजन ठरवणारा साठा) म्हणून अडकतात आणि काढायचे म्हटले तर 13 आठवड्यांच्या हप्त्यांनी सुटतात. पोस्टचा हिशेबही सात दिवसांनी होतो. क्रिप्टो एक्स्चेंजवर (टोकन विकायच्या ऑनलाइन बाजारात) विकून, शुल्क जाऊन, बँकेत आले साडेसातशेच्या आसपास. म्हणजे तासाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. कराचं कलम वेगळंच: 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असलं तरीही, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही.

मतं इतकी का मागावी लागतात, हेही त्याला नीट समजावं लागलं. या मंचावर एक माणूस, एक मत असं नसतं. ज्याच्याकडे मतशक्ती जास्त, त्याच्या एका मताचं वजन जास्त. म्हणून छोट्या खात्यांच्या पन्नास मतांपेक्षा एका बड्या खात्याचं मत भारी पडतं, आणि नवखा माणूस त्या बड्यांच्या मागे फिरत राहतो. आणि पुढची पोस्ट चालेल की नाही याचा अंदाज नसतो. हीच अनिश्चितता माणसाला पुन्हा पुन्हा मोबाईल उघडायला लावते.

40,000 च्या बाबतीत आम्ही स्पष्ट “नको” म्हणालो. 2020 मध्ये हाइव्ह ज्या स्टीम नावाच्या तशाच मंचातून फुटून निघालं, त्या स्टीमचं टोकन जानेवारी 2018 मध्ये सात डॉलरच्या वर होतं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ध्या डॉलरच्याही खाली. शिवाय ती रक्कम मतशक्तीत घातली की भाव पडताना एकदम काढता येत नाही. वडिलांची बचत अशा ठिकाणी जाता कामा नये.

पण मंच सोडच, असं आम्ही म्हणालो नाही. तिथे त्याला जाणकार छायाचित्रकार भेटले होते, इंग्रजी लिहिण्याची सवय लागली होती. तो भाग खरा होता. त्याने स्वतःच ठरवलं: आठवड्याला दोन पोस्ट, प्रतिसादांसाठी रोज वीस मिनिटं, वॉलेट फक्त रविवारी, रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत. त्याच फोटोंमधून निवडक तीस घेऊन तो नौपाड्यातल्या एका छायाचित्रकाराकडे गेला. आता शनिवार-रविवार लग्नांच्या शूटिंगला मदतनीस म्हणून जातो. नोकरीचे अर्जही सुरू आहेत, जरी आईला वाटतं तेवढ्या वेगाने नाही.

असाच प्रश्न यूट्यूबबद्दलही येतो. तिथे जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तासांचं पाहणं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू) लागतात, आणि 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. पहिलं वर्ष बिनपगारी धरूनच उतरावं.

एक प्रकार मात्र या सगळ्यात बसत नाही. टेलिग्रामवर “व्हिडिओ लाइक करा, 150 रुपये मिळवा” म्हणतात, पहिले दोन-तीनदा खरंच देतात, आणि मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात. ही फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर लाजेने गप्प बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि “अडकलेले पैसे सोडवायला अजून थोडे भरा” असा मेसेज आला, तर एक रुपयाही पाठवू नका.