विणकाम, शिवण आणि हस्तकलेची पुस्तकं कशी निवडावीत? सोलापुरात राहते, हाताशी हजार रुपये आहेत

ताई, तुम्ही लिहिलंय की घरी पायाची मशीन आहे, क्रोशाचं एक तोरण करून झालंय, दोन सुयांवरचं विणकाम अजून शिकायचंय आणि पुस्तकांसाठी हजार रुपये बाजूला काढलेत. पण ऑनलाइन शंभर मुखपृष्ठं बघून काही ठरत नाहीये.

मी सोलापूरचीच. सोळा वर्षं एका गणवेशाच्या कारखान्यात सॅम्पल शिवायचं काम केलं, आता घरी ब्लाउज शिवते आणि रिकाम्या वेळात क्रोशा. पुस्तकं चाळीसेक जमलीत. त्यातली खरंच उपयोगाची नऊ किंवा दहा. बाकी तीस वेळा मी चित्रांना भुलले, हे आधीच कबूल करते.

आता मी एकच करते. जी गोष्ट मला आधीपासून येते, तिचं पान पुस्तकात काढते आणि तेवढंच नीट वाचते. तुम्हाला क्रोशाचा खांब, म्हणजे हुकावर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका, घालता येतो ना? मग खांबाचं पान काढा. हुक साखळीच्या एका धाग्याखालून घालायचा की दोन, हे लिहिलंय का? ओळ वळताना ज्या तीन साखळ्या घालतो त्या पहिला खांब म्हणून मोजायच्या, हे सांगितलंय का? आणि शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्याच तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा, नाहीतर दर ओळीला एक टाका गळतो आणि रुमालाची कड आत आत जाते, हे? ते वाचून "अरे, म्हणून माझं तोरण खालून निमुळतं झालं होतं" असं मनात आलं तर पुस्तक घ्या. येत असलेल्या गोष्टीचं पान वाचतानाच गोंधळ उडाला, तर न येणाऱ्या गोष्टीच्या पानावर काय होईल? ते पुस्तक तिथंच ठेवा. ऑनलाइन घेताना नमुन्याची पानं दिसत असतील तर त्यांवर हीच परीक्षा करा. फक्त मुखपृष्ठ दाखवत असतील तर मी घेत नाही.

आकड्यांचा घोळ मात्र अशा परीक्षेतूनही निसटतो. तो मी भाच्याच्या स्वेटरवर शिकले. रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना एक अमेरिकन पुस्तक आणलं होतं. त्यात आठ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, मी घरातल्या आठ नंबरच्या काढल्या. आपल्याकडच्या जुन्या सुयांवरचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात: आकडा वाढला की सुई बारीक. आठ म्हणजे 4 मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की सुई जाड, आणि तिकडची आठ म्हणजे 5 मिलिमीटर. पुस्तकाच्या हिशेबानं 10 सेंटिमीटरमध्ये 18 टाके बसायचे, म्हणून 72 टाक्यांची पाठ 40 सेंटिमीटर व्हायला हवी होती. माझ्या सुयांवर 22 बसले आणि पाठ झाली जेमतेम 33. तो स्वेटर शेवटी भाच्याच्या धाकट्या बहिणीनं गड्ड्याच्या जत्रेत मिरवला. म्हणून सुईचं माप मिलिमीटरमध्ये दिलंय का आणि 10 सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके, किती ओळी हे लिहिलंय का, ते आधी बघा. या हिशेबाला ब्रिटिश पुस्तकात 'टेन्शन' म्हणतात, अमेरिकन पुस्तकात 'गेज'. आपलं नेहमीचं टेन्शन वेगळं, पण तो चौकोन विणून बघितला नाही तर तेही येतंच.

क्रोशात याहून मोठी गंमत आहे. आपला मुका खांब, म्हणजे वेढा न घेता घातलेला बुटका टाका, हा अमेरिकन पुस्तकातला 'सिंगल क्रोशे', पण ब्रिटिश पुस्तकात त्याच टाक्याला 'डबल क्रोशे' म्हणतात. आणि आपला साधा खांब अमेरिकेत 'डबल', ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. म्हणजे नुसतं 'डबल' वाचून हात चालवला तर अर्ध्या उंचीची शाल तयार. ओळखायचं कसं? टाक्यांच्या यादीत 'सिंगल' असेल तर पुस्तक बहुधा अमेरिकन, कारण आताच्या ब्रिटिश पुस्तकांत तो शब्द सहसा नसतो. यादी फाटलेली असेल तर ओळ वळताना किती साखळ्या सांगितल्यात ते बघा. एक असेल तर मुका खांब, तीन असतील तर खांब.

या कटकटीला कंटाळलात तर खुणांच्या आकृत्या असलेलं पुस्तक घ्या. जपानी पुस्तकं त्याबाबतीत फार नेटकी असतात. लांबट गोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी-वर एक आडवी रेघ म्हणजे खांब. दोन रेघा असतील तर हुकावर दोन वेढे. एक अक्षर जपानी न वाचता मी त्यांतून दोन टेबलक्लॉथ केलेत.

दोन सुयांच्या विणकामाबद्दल मी जरा हात आखडता घ्यायला सांगेन. ही पुस्तकं बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लोकरीसाठी लिहिलेली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घामेजल्या हाताला ॲक्रिलिक चिकटतं, आणि थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीची. स्वेटरऐवजी सुती धाग्याचं काही करू म्हणून तोच नमुना सुतात विणला, तर सुलट-उलट टाक्यांची बॉर्डर सैल पडते. लोकर ताणून परत जागेवर येते, सूत येत नाही. सूत वापरायचं असेल तर सुतासाठीच लिहिलेलं पुस्तक हवं. बाळाची टोपडी, मोजे यांच्यापुरतं शिकायचं असेल तर पातळसं एक पुस्तक पुरे. सुलट, उलट, टाके घालणं, बंद करणं आणि निसटलेला टाका हुकानं वर कसा आणायचा, एवढं आलं की झालं. निसटलेल्या टाक्याचं पान नसलेलं पुस्तक नवशिक्यांसाठी नाही, मग वर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असो.

आता शिवण. ब्लाउज, परकर, झबलं यांसाठी मराठीच पुस्तक घ्या. कॉलर, खिसा, चेन लावणं यांसाठी इंग्रजी पुस्तकातले फोटो चांगले असतात, पण कटोरी ब्लाउज त्यांच्या गावीही नसतो. मराठी पुस्तकं दोन तऱ्हेची मिळतात. एकात फक्त आकडे असतात: छाती 34, मुंढा (बाही जोडायची जागा) इतका, गळा इतका. तुमची छाती 34 असली तर छान, नाहीतर हात जोडायचे. दुसऱ्यात सूत्रं असतात: छातीचा चौथा भाग, बारावा भाग. ही बरी, पण डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी नाहीत.

कारण सांगते. गळ्याची अर्धी रुंदी छातीच्या बाराव्या भागाएवढी धरा, असं बऱ्याच ठिकाणी असतं. छाती 36 असेल तर 3 इंच येतात, ब्लाउज सुंदर बसतो. छाती 44 असेल तर येतात साडेतीनच्या वर. दोन्ही बाजू धरल्या तर गळा 36 च्या मापापेक्षा सव्वा इंचाहून जास्त रुंद. पण छाती भरली म्हणून मान आणि खांद्याचं हाड त्याच हिशेबानं रुंद होत नाही. घरी शिवायला लागले तेव्हा एका गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाउज मी असाच बिघडवला. दोन्ही खांदे घसरत होते, आणि ती बाई मला वाईट वाटू नये म्हणून "पिना लावते की" म्हणत होती. मलाच लाज वाटली. कारखान्यात आमचे कटिंग मास्तर शर्टाची छाती दोन इंच वाढवताना गळ्याच्या पट्टीत अर्धाच इंच घालायचे, हे मी रोज बघत होते. पण पुस्तक समोर आलं की डोकं बाजूला ठेवायची सवय! म्हणून सूत्रांच्या पुस्तकात बघा, मोठ्या आणि लहान मापांसाठी गळा-खांदा वेगळा मोजायला सांगितलाय का. खांदा उतरता असेल, पाठ जरा वाकलेली असेल तर काय करायचं, याचं एखादं प्रकरण आहे का. असं प्रकरण असलेलं पुस्तक मी दुप्पट किंमत देऊन घेईन.

आणि माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड. आकृतीत ती धरलीय की नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. जर्मनीत 1950 पासून निघणाऱ्या 'बुर्डा'सारख्या मासिकात पूर्ण मापाचे आराखडे एकाच मोठ्या कागदावर एकमेकांवर छापलेले असतात. आपली रेघ शोधून ती दुसऱ्या कागदावर उतरवायची आणि माया आपण सोडायची. जपानी पुस्तकांतही बहुधा तसंच. माया आहे असं समजून कापलं तर कपडा अंगात जात नाही. नवं पुस्तक आणलं की पहिल्यांदा पाव मापात, म्हणजे पाव इंचाला एक इंच धरून, खाकी कागदावर आखून बघा. मग मांजरपाटावर, म्हणजे स्वस्तातल्या साध्या सुती कापडावर. चांगल्या कापडाला कात्री लावायची ती त्यानंतर.

मशीनच्या सुयांचं पान असेल तर उत्तम. साध्या सुती कापडाला 14, पातळ रेशमाला 11, जाडाला 16, एवढं तरी असावं. आपल्याकडे जुन्या सोलापुरी चादरीच्या पिशव्या शिवायची हौस फार असते. पण पिशव्यांच्या बहुतेक पुस्तकांत पातळ कापड आणि आतून चिकटवायचं अस्तर धरलेलं असतं. चादर कापली की कडेचे धागे सुटायला लागतात, म्हणून आधी कडांवर झिगझॅग किंवा पट्टी, टाका लांब, आणि चार थर एकत्र येतात तिथं मशीन हातानं फिरवायची. टॉवेलच्या कापडाचंही असंच. त्याची लाळेरी शिवताना माया जरा जास्तच ठेवा.

गोधडीसाठी मात्र पुस्तक घेऊ नका. परदेशी क्विल्टच्या पुस्तकात चौकोन मोजून कापतात, जुळवतात. आपली वाकळ, किंवा अक्कलकोटकडची कानडी माणसं म्हणतात ती कौदी, हाताला येतील त्या जुन्या लुगड्या-धोतरांची असते. मी शेजारच्या आजींकडून शिकले. त्या कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्यानं आत आत येत राहायच्या आणि सुरकुती आली की तळव्यानं पुढं सारायच्या. ते तळव्याचं सारणं कुठल्या पुस्तकात लिहिणार? गल्लीत अशी आजी असेल तर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन दुपारी जाऊन बसा.

खरेदीआधी वाचनालयात एक चक्कर टाका. हिराचंद नेमचंद वाचनालय तर आहेच. जिथं पुस्तकं ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला आकडा देऊन, लावतात तिथं शिवण 646 मध्ये सापडेल आणि विणकाम, क्रोशा, भरतकाम 746 मध्ये. म्हणजे ड्युईसाहेबांच्या लेखी ब्लाउज शिवला तर घरकाम आणि त्यावर वेलबुट्टी काढली की कला! वस्तूंची पुस्तकं, म्हणजे पन्नास पर्स, शंभर तोरणं वगैरे, वाचनालयातूनच आणावीत. त्यातलं एखादंच आपण करतो. पैसे घालायचे ते पद्धत शिकवणाऱ्या पुस्तकात.

फुकटातलं एक सांगते. तेरेझ द दिल्मों या बाईंचा सुईकामाचा मोठा कोश 1886 मध्ये निघाला. तो आता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजीत मोफत वाचता येतो. भाषा जुनी आहे, पण टाक्यांच्या आकृत्या अजून चोख आहेत. आणि शिवण धंदा म्हणून शिकायची असेल तर आयटीआयच्या 'सोइंग टेक्नॉलॉजी'ची पुस्तकं बघा, चेन्नईची निमी ही सरकारी संस्था काढते. रुक्ष आहेत, फोटोबिटो काही खास नाहीत, पण क्रम पक्का असतो.

हजारातले मी निम्मे एका मराठी शिवणाच्या पुस्तकात घालीन आणि उरलेल्यांत क्रोशाच्या टाक्यांचा एखादा जुना कोश मिळाला तर बघीन, नाहीतर मांजरपाट आणि सुताची गुंडी. पुस्तक उघडं ठेवलं की सपाट राहतंय ना, तेही दुकानातच बघा. दोन्ही हात कामात असताना पान मिटलं की फार चिडचिड होते.

तोरण ज्या हुकानं केलंत त्यावर काही आकडा आहे का? असेल तर इथं लिहा, म्हणजे मापाचं कुठलं कोष्टक तुम्हाला लागेल ते सांगता येईल.