वडिलांसाठी शुश्रूषा केंद्र सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडिलांची उजवी बाजू गेली, घरी रात्रंदिवस करायला माणूस नाही, तीन केंद्रं बघून आलात आणि तिन्ही सारखीच स्वच्छ, नीटनेटकी वाटली. त्यातल्या एकाने भेटीची वेळ दुपारी चार ते सहा एवढीच ठेवलीय. मग निवडायचं कशावरून?

माझी आई चार वर्षं अशा केंद्रांत होती. पहिलं निवडताना मी इमारत बघितली, बाग बघितली, मॅनेजरचं अदबशीर बोलणं ऐकलं आणि पैसे भरून आले. तिसऱ्या महिन्यात एकदा आईचे पाय चेपायला म्हणून मोजे काढले, तर डाव्या टाचेवर अंगठ्याच्या नखाएवढा काळपट जांभळा डाग. सिस्टर म्हणाल्या, मोजा घट्ट झाला असेल. तो बेडसोअर होता, म्हणजे एकाच जागी सतत दाब राहून होणारी जखम. भरून यायला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत आई उभं राहायचं विसरली ती विसरलीच.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. केंद्रात गेलात की बोलत्या-चालत्या आजीआजोबांकडे बघून मत बनवू नका. तिथला सगळ्यात परावलंबी माणूस शोधा, ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही, तक्रार सांगता येत नाही. त्याची नखं, ओठ, डोळ्यांचे कोपरे, अंगावरची चादर बघा. तुमचे वडील उद्या त्याच जागी असणार आहेत.

बेडसोअरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण केंद्राची खरी परीक्षा तिथे होते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीजवळ आहे तिथे सतत दाब राहिला की रक्त पोचत नाही. बरेचदा आतलं मांस आधी मरतं आणि कातडी नंतर फाटते, त्यामुळे डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लाल झालेली जागा बोटाने दाबून बघायची. फिकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा टणक लागतंय का ते बघावं. दर दोन तासांनी कूस बदलणं हा शुश्रूषेतला जुना नियम आहे. गादी आणि रुग्णाप्रमाणे तो कमीजास्त होतो, पण ‘आमच्याकडे हवेची गादी आहे, काळजी नको’ हे उत्तर पुरेसं नाही. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटरीखाली उशी ठेवलेली दिसली, तर तिथल्या माणसांना काम येतं असं समजा.

सरळ विचारा, ‘आत्ता इथे कुणाला बेडसोअर आहे का?’ ‘आमच्याकडे कुणालाच होत नाही’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहे, एकांना येतानाच होता, रोज ड्रेसिंग होतं, ही नोंद’ या उत्तरावर मी जास्त विश्वास ठेवेन. नोंदीचा तक्ताही नाव झाकून दाखवायला सांगा. एके ठिकाणी मी संध्याकाळी पाच वाजता तक्ता बघितला, त्यात रात्री दहाची कूस बदलल्याची नोंद सहीसकट भरलेली होती. तिथून मी लगेच निघाले.

कागदाचं हे दुखणं सगळीकडचं आहे. अमेरिकेत सरकार 2008 पासून अशा केंद्रांना दर्जा दाखवणारे तारे देतं, पण किती नर्स कामावर आहेत हे आधी बरीच वर्षं केंद्रंच कळवायची. 2018 पासून ताऱ्यांसाठी तो आकडा पगाराच्या नोंदींवरून घ्यायला लागले. तुम्हीही किती माणसं ‘नेमलेली’ आहेत ते विचारू नका. काल रात्री या मजल्यावर किती जण होते, जागे होते की झोपायची परवानगी असते, हे विचारा. आणि एकदा न सांगता जा. रविवारी किंवा रात्री जेवणाच्या वेळी.

जेवणाची वेळ फार बोलकी असते. झटक्यानंतर अनेकांना गिळायला त्रास होतो. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. म्हणून भरवताना रुग्णाला ताठ बसवलंय का, आधीचा घास गिळला याची वाट बघतात का, जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करत नाहीत ना, ते बघा. भरवणारी मावशी समोर बसून भरवतेय की उभ्या उभ्या तीन पलंगांवर फिरतेय? वजन दर महिन्याला करतात का हेही विचारा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो कमी झाले, तर डॉक्टरांनी बघायलाच हवं.

तुमच्या वडिलांची उजवी बाजू गेली आहे, म्हणजे बेल आणि पाण्याचा पेला डाव्या हाताशी हवा. साधी गोष्ट आहे, पण बेल लुळ्या हाताकडे लटकलेली मी स्वतः पाहिली आहे. दुसऱ्या कुणाची बेल वाजली तर उभं राहून घड्याळ बघा, किती वेळाने कोण येतं ते.

सकाळी अकरा वाजता सगळा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला तर मला भीती वाटते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना शांत ठेवायला मानसिक आजारांवरची औषधं देणं ही जगभरातली जुनी खोड आहे. अशा वृद्धांमध्ये त्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 मध्ये नव्या पिढीच्या औषधांबद्दल आणि 2008 मध्ये जुन्यांबद्दलही दिला. नवी गोळी सुरू करण्याआधी घरच्यांना विचारतात का, हे लेखी घ्या. हातपाय बांधण्याबद्दलही तसंच. पलंगाचे कठडे हे संरक्षण वाटतं, पण गोंधळलेला माणूस त्यावरून चढून जास्त उंचीवरून पडतो किंवा फटीत अडकतो.

नोंदणी, डॉक्टर किती वेळा येतात, तातडीच्या वेळी कोणत्या हॉस्पिटलात नेतात, करारात सोडण्याच्या अटी काय, हे तुम्ही विचारलंच असेल. एक राहिलं असेल ते आगीचं. लिफ्ट बंद असताना अंथरुणावरच्या माणसाला खाली कोण आणि कसं आणणार? मागच्या जिन्याचं दार स्वतः ढकलून बघा, कुलूप नाही ना.

तिथल्या मावश्यांशीही बोला, इथे किती वर्षं आहात म्हणून. सगळ्याच दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेल्या असतील तर कारण शोधा. आईच्या दुसऱ्या केंद्राची इमारत जुनी होती, रंग उडालेला होता, पण तिला न्हाऊ घालणारी बाई तिथे नऊ वर्षं होती आणि मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, ‘ताई, काल आईंची लघवी गढूळ वाटली, डॉक्टरांना कळवलंय.’

तुमच्या तीनपैकी चार ते सहाच येऊ देणारं केंद्र मी यादीतून काढून टाकेन. भेटीच्या वेळेला थोडी शिस्त मी समजू शकते, पण सकाळची आंघोळ आणि रात्रीचं जेवण जिथे घरच्यांना कधीच बघता येणार नाही, तिथे वडिलांना ठेवू नका. उरलेल्या दोघांकडे या रविवारी न सांगता जा, आणि निवड झाली की पहिला महिनाभर दर भेटीत त्यांचे मोजे काढून टाचा बघा.